एका दिवसाचा पासपोर्ट

कारखान्याची तपासणी जवळ आली की आमची उजळणी सुरू व्हायची. वसतिगृहाच्या जेवणघरात टेबलं भिंतीला सरकवायची, मधे एक खुर्ची मांडायची, आणि त्या खुर्चीत वॉर्डनबाई तपासणीच्या बाई होऊन बसायच्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि आवाजात साखर. एरवी नळ जरा जास्त वेळ चालू राहिला तरी अंगावर खेकसणारी ही बाई त्या दिवशी "या, बसा, घाबरू नका" म्हणायची. मला तर तिच्या खेकसण्यापेक्षा त्या साखरेचीच भीती जास्त वाटायची.

"तुमचा पासपोर्ट कुणाजवळ असतो?"

"माझ्याजवळ."

"नोकरी लागायला कुणाला पैसे द्यावे लागले?"

"नाही."

"घरी जायचं म्हटलं तर जाता येतं?"

"हो, केव्हाही."

मला ही उत्तरं कधी धड देता आली नाहीत. एक तर हसू फुटायचं, नाहीतर तोंडातून भलतंच निघायचं. एकदा मी "पासपोर्ट मोठ्या साहेबांच्या कपाटात सुखात आहे, आमच्यापेक्षा त्याची खोली थंड आहे" असं म्हणाले, तेव्हापासून माझं नाव फटकळ पडलं. खऱ्या तपासणीच्या दिवशी नेमकं मला दात दाखवायला दवाखान्यात पाठवायचे. माझ्याइतके तपासलेले दात त्या गावात दुसऱ्या कुणाचे नसतील.

माझ्या थोरल्या जाऊबाई मात्र उजळणीत पहिल्या. आम्ही दोघी एकाच घरातून इथे आलो होतो. देश ओलांडून आलो तरी नातं तेच, त्या थोरल्या आणि मी धाकटी. त्यांना खोटं बोलता यायचं नाही. घरी कधी दूध उतू गेलं तर मी बिनदिक्कत मांजराचं नाव सांगायचे, आणि ह्या मागून येऊन सासूबाईंना सांगायच्या, "मांजर नव्हतं हो आई, आम्ही बोलत बसलो होतो." अशा बाईला ही उत्तरं कशी जमतात, हे मी एकदा विचारलं.

"तपासणीच्या दिवशी पासपोर्ट असतो ना आपल्याजवळ? मग खोटं काय त्यात?" त्या म्हणाल्या.

"आणि घरी केव्हाही जाता येतं, ते?"

"मी कुठे मागितलंय जायला? मागितल्याशिवाय अडवलं असं कसं म्हणू?"

यावर काय बोलणार, कप्पाळ! पण एका बाबतीत त्यांचं बरोबर होतं. तपासणीच्या सकाळी सगळ्यांचे पासपोर्ट खरोखरच कपाटातून निघायचे. ज्याचा त्याला मिळायचा, सोबत लॉकरची किल्लीही मिळायची. मोठी गिऱ्हाईक कंपनी माणसं पाठवायची, ती पाहून जायची, आणि गाडी फाटकाबाहेर पडली की संध्याकाळच्या जेवणाआधी सगळं परत गोळा. आमच्यात त्याला 'पासपोर्टाची एक दिवसाची सुटी' म्हणायचे.

कारखाना हातमोज्यांचा. डॉक्टर घालतात तसले पातळ मोजे, एकदा वापरायचे आणि टाकायचे. चिनी मातीचे पांढरे हात साखळीला उलटे लटकत रबराच्या चिकात बुडायचे, भट्टीतून शेकून निघायचे, आणि आमच्यासमोर आले की त्यांच्यावरचा मोजा सोलून काढायचा. मोजा गरम, हात गरम, आणि साखळी काही थांबायची नाही. दुसऱ्यांचे हात जपायला आम्ही आमचे भाजून घेतो, असं मी म्हटलं तर वॉर्डनबाई म्हणाल्या, "कविता नकोत, मोजे काढ."

आम्हाला आणणाऱ्या एजंटला सगळे मामा म्हणायचे. सगळ्यांना मामा बनवूनही त्याचं समाधान झालं नव्हतं. गावात येऊन तोंडभरून बोलला, हातभर पैसे घेतले, आणि विमानतळावर उतरताच "हरवतील गं पोरींनो, द्या इकडे" म्हणून पासपोर्टही गोळा केले. ते थेट साहेबांच्या लोखंडी कपाटात गेले. दोन्ही जावा एकदम गेलो म्हणून गावात आमचं कौतुक झालं होतं. घराचं छप्पर आमच्या पगारातून झालं, हे खोटं नाही.

मग आमच्या ह्यांचा फोन आला. भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, जाऊबाईंचे यजमान, बरेच दिवस पोटाने हैराण होते. आता डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. डॉक्टर कधी कधी बरं वाटतंय म्हणूनही घरी पाठवतात, म्हणून जाऊबाई आधी हसल्याच. ह्यांनी पलीकडून फोन भाऊजींच्या हातात दिला. भाऊजी इतकंच म्हणाले, "जमलं तर ये."

त्या दोघांना मूलबाळ नाही. दोघं एकमेकांना धरून होती. भाऊजी घुमे, ह्या मितभाषी. त्यांच्या खोलीतून कधी बोलण्याचा आवाज यायचा नाही, पण सकाळी दोघांचीही तोंडं रात्रभर गप्पा मारल्यासारखी दिसायची. मला त्यांचा हेवा वाटायचा. आमच्याकडे भांड्याला भांडं रोज लागायचं.

जाऊबाई साहेबांकडे गेल्या. मीही मागून गेले, दाराबाहेर थांबले. साहेब ओरडले नाहीत. ते कधीच ओरडायचे नाहीत, त्यासाठी वॉर्डनबाई होत्या. त्यांनी समजावून सांगितलं की करार संपेपर्यंत पासपोर्ट देता येत नाही. एकीला दिला की सगळ्या मागतील, मग कारखाना कुणी चालवायचा? वर म्हणाले, "तुम्ही जाऊन काय करणार? तुम्ही काय डॉक्टर आहात? इथे राहून औषधाला पैसे पाठवा, तीच खरी सेवा."

जाऊबाई बाहेर आल्या. त्यांचा चेहरा मार खाल्लेल्या लेकरासारखा झाला होता. "बरोबर आहे त्यांचं. मी डॉक्टर कुठे आहे?" त्या म्हणाल्या. मला इतका संताप आला की मी दाराला लाथ मारली. दार लोखंडी होतं. लंगडत मीच परत आले.

त्याच आठवड्यात तपासणीची तारीख लागली. मला वाटलं, देवानेच धाडली. जाऊबाई उजळणीत पहिल्या, म्हणजे त्यांना तपासणीच्या बाईंसमोर नक्की बसवणार. तिथे एकट्यात बोलायचं असतं, वॉर्डनबाईही बाहेर. एवढं एकच वाक्य सांगायचं होतं की माझा नवरा जातोय, मला जायचंय, आणि पासपोर्ट देत नाहीत.

मग आमची आमची वेगळी उजळणी सुरू झाली. गच्चीवर कपडे वाळत घालायचे त्या दोऱ्यांमागे मी बादली पालथी घालून बसले, नाकावर नसलेला चष्मा सरकवला आणि आवाजात साखर घातली.

"बाई, तुमचा पासपोर्ट कुणाजवळ असतो?"

"माझ्याजवळ," जाऊबाई म्हणाल्या, आणि जीभ चावली.

"परत. घरी जाता येतं?"

"हो, केव्हाही. अगं बाई! थांब, परत विचार."

परत विचारलं. परत तेच. पाठ झालेला पाढा मधेच कसा मोडणार? तिसऱ्या खेपेला आम्हा दोघींना इतकं हसू लोटलं की ओल्या चादरीत तोंड खुपसावं लागलं. हसता हसता जाऊबाई कधी रडायला लागल्या ते मला कळलंच नाही. चादर बाजूला केली तर त्या हुंदके देत होत्या. मी त्यांना कधी मिठी मारली नव्हती, थोरल्या जावेला कोण मिठी मारतं? त्या दिवशी मारली.

आमचं हे नाटक लांबडीने पाहिलं. लांबडी म्हणजे आमच्या खोलीतली उंच बाई, जिची पोरं तिच्या बहिणीकडे वाढत होती. ती हात जोडून म्हणाली, "नको गं बाई असं करू. गिऱ्हाईक गेलं तर कारखाना बंद पडेल. तुला नवरा बघायचाय, मला पोरं जगवायचीत." मी तिला फाडफाड बोलणार होते, पण जाऊबाईंनी मला आवरलं. "तिचंही खरं आहे," त्या म्हणाल्या. त्यांना सगळ्यांचंच खरं वाटायचं, हीच तर पंचाईत होती.

तरी शेवटी ठरलं. बोलायचं.

तपासणीच्या दिवशी मला अर्थातच दाताच्या दवाखान्यात नेलं. खुर्चीत आ वासून मी मनात जाऊबाईंची उत्तरं म्हणत होते. डॉक्टर म्हणाला, "दात उत्तम आहेत." म्हटलं, माहीत आहे मला.

परत आले तर फाटकातून पाहुण्यांची गाडी बाहेर पडत होती. वॉर्डनबाई टोपलीत पासपोर्ट गोळा करत रांगेवरून चालल्या होत्या. जाऊबाईंनी आपला दिला, किल्ली दिली, आणि मान खाली घातली. मला कळायचं ते कळलं. तरी विचारलं, "बोललात का?"

त्यांनी मला लॉकरच्या आडोशाला नेलं. "बाई फार चांगल्या होत्या गं. आपल्या भाषेत बोलल्या. पाणी दिलं. मग विचारलं, पासपोर्ट कुणाजवळ आहे? तो माझ्या मांडीवर होता. हातात धरलेला. त्यावर माझा फोटो. हातात असताना नाही म्हणून कसं सांगू?"

"आणि घरी जायचं विचारलं तेव्हा?"

"तो हातात होता ना, तर मला वाटलं आता जाता येईल. खरंच वाटलं. इतकं बरं वाटलं की मी हो म्हणाले."

मी त्यांच्यावर ओरडले नाही. जी बाई दुधाचं खापर मांजरावर फोडायची नाही, तिच्या हातात ह्या लोकांनी एका दिवसापुरतं खरं ठेवलं होतं आणि ती फसली. लबाड बाई असती तर बिनघोर खरं सांगून मोकळी झाली असती.

संडासाच्या दाराला आतून गिऱ्हाईक कंपनीचा एक कागद चिकटवलेला असायचा. तक्रार असेल तर ह्या नंबरावर बोला, तुमचं नाव गुप्त राहील. तपासणी झाली की वॉर्डनबाई तो काढून ठेवायच्या. ह्या वेळी गडबडीत राहिला. मी नंबर तळहातावर लिहिला आणि दुसऱ्या दिवशी सुटी झाल्यावर कारखान्याजवळच्या किराणा दुकानाच्या मागे उभी राहून फोन लावला. फोन फिरत फिरत त्याच तपासणीच्या बाईंकडे गेला.

मी उजळणीपासून दातांपर्यंत सगळं ओकून टाकलं. बाई म्हणाल्या, "मला शंका आली होती. सगळ्यांची उत्तरं सारखीच होती." त्यांच्या आवाजात लाज होती, हे मी कबूल करते. म्हणाल्या, "मी एकीचंच नाव घेतलं तर ते तिच्यावर सूड उगवतील. म्हणून सगळ्यांचेच पासपोर्ट मागते."

"सगळ्यांचं नंतर बघा. आधी तिला पाठवा. तिकडे माणूस जातोय."

"तिचं नाव पुढे करायला तिची स्वतःची तयारी आहे?"

मी जाऊबाईंना विचारलं. ह्या वेळी त्या लगेच हो म्हणाल्या. बाईंनी त्यांचं नाव घेऊन साहेबांना फोन केला. साहेब म्हणे हसले. म्हणाले, "त्यांनी तर तुमच्याच समोर सांगितलंय, पासपोर्ट जवळ आहे, घरी केव्हाही जाता येतं. आता कुणीतरी कान भरलेत." म्हणजे जाऊबाईंचं बोलणं जाऊबाईंवरच उलटलं. मग रीतसर चौकशी लागली. कारखान्याला सुधारायला मुदत दिली. बाई मला सांगत होत्या, कंपनी लगेच हात झटकून ऑर्डर काढून घेणार नाही, तसं केलं तर तुम्हीच रस्त्यावर याल, तेव्हा त्यांच्याकडून करून घेऊ, थोडा धीर धरा. त्यांचं एकेक वाक्य शहाणपणाचं होतं. शिव्या द्यायला जागाच नव्हती, आणि शिव्यांनी माझं पोट फुगलं होतं.

मुदत चालू होती, तिकडे भाऊजीही चालले होते. जाऊबाई जेवणाच्या सुटीत फोन लावायच्या. आमचे हे तिकडे फोन भाऊजींच्या कानाशी धरायचे. जाऊबाई काय बोलायच्या? "आज ऊन आहे." "माझं जेवण झालं." घरात बसून बोलाव्यात तशा गोष्टी. पलीकडून श्वास ऐकू यायचा, तो ऐकून त्या परत कामावर यायच्या. इकडे चौकशी माझ्यामुळे लागली हे कळल्यावर लांबडी आणि बाकीच्या बायकांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. माझं ताट उचलून कुणीतरी कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवायचं. जाऊबाई आपलं ताट घेऊन मुकाट्याने तिथे येऊन बसायच्या.

भाऊजी गेल्याचा फोन दुपारी आला. जाऊबाई साखळीवर होत्या. मी जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला, त्यांनी वळून पाहिलं, आणि सांगायची गरज उरली नाही. पांढरे हात येत होते. दोन-तीन हात मोज्यांसकट तसेच पुढे गेले. मग त्यांनी पुन्हा मोजे सोलायला सुरुवात केली. मी म्हटलं, "जाऊबाई, राहू द्या." त्या म्हणाल्या, "मग काय करू?" खरंच, त्यांनी काय करायचं होतं? मी शेजारी उभी राहून मोजे काढत राहिले. आम्ही दोघी रडत होतो आणि पाळी संपेपर्यंत काम करत होतो.

पुढे सगळं झालं. नाही झालं असं नाही. चौकशीची माणसं न सांगता आली, आणि त्या दिवशी मला दवाखान्यात पाठवायला कुणाला वेळच मिळाला नाही. साहेबांचं कपाट उघडलं. ज्याचा पासपोर्ट त्याच्या लॉकरमध्ये, ज्याची किल्ली त्याच्या गळ्यात. मामाचं काम बंद. नवीन बायका आणायच्या तर त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही, आणि आमच्याकडून घेतलेलं टप्प्याटप्प्याने परत द्यायचं, असं ठरलं. ऑर्डरही राहिली. लांबडीने किल्ली गळ्यात घालून मला कडकडून मिठी मारली आणि म्हणाली, "फटकळ, तुझ्या तोंडात साखर पडो." मला त्या साखरेची चव लागली नाही.

तपासणीच्या बाई स्वतः जाऊबाईंना भेटल्या. त्यांचे डोळे भरले होते. "मला उशीर झाला," त्या म्हणाल्या. जाऊबाईंनी उलट त्यांनाच पाणी दिलं. कंपनीने तिकिटाची आणि पगारी रजेची व्यवस्था केली. आता फाटक उघडं, पासपोर्ट जवळ, तिकीट हातात. आणि जाऊबाई म्हणाल्या, "आता कुणाकडे जाऊ?"

सासूबाईंना फोन केला, तर त्याही म्हणाल्या, "आता नको येऊस. सगळं उरकलं. तिथेच राहा. घर तुझ्यावर चाललंय." इतके दिवस अडवून ठेवलेला माझा राग मग सासूबाईंवर निघाला. जाऊबाईंच्या हातातून फोन ओढला आणि म्हटलं, "आई, साहेबांनी येऊ दिलं नाही, ते निदान परके होते. तुम्ही तर तिच्या सासू. तुम्हीही पगाराचंच बघता?"

पलीकडे सासूबाई एकदम रडायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी रडताना ऐकलं नव्हतं. "पगाराला आग लागो," त्या म्हणाल्या. "तिला तोंड कसं दाखवू गं मी? तो रोज विचारायचा, आली का? मी रोज सांगायचे, निघालीय, वाटेत आहे. बाजेवर दाराकडे तोंड करून निजायचा. शेवटच्या दिवशी पण मी तेच सांगितलं. त्याला खरं वाटलं. तशीच वाट बघत गेला. आता ती दारात आली की मला तेच दिसणार."

फोनचा आवाज मोठा होता. जाऊबाईंनी सगळं ऐकलं. मला वाटलं, आता ह्या कोसळतील. त्यांनी माझ्याकडून फोन घेतला आणि नेहमीच्या हळू आवाजात विचारलं, "आई, त्यांना खरं वाटलं ना?"

"हो गं. हो म्हणून मान हलवली त्याने."

"मग मी येते," जाऊबाई म्हणाल्या. "तुम्ही त्यांना खोटं सांगितलं असं व्हायला नको."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या निघाल्या. फाटकावरच्या माणसाने कुठे म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "घरी. वाट बघतायत."